नगराच्या तोंडाला रंग

वरच्या रंगाला भुलूं नये, हें चोखोबांनीं सुमारें सातशें वर्षांपूर्वीं ऊंसाचा दाखला देऊन आपणांस सांगून ठेविलें आहे; आणि मराठी मनुष्य लहानपणीं जे संस्कार कानांवाटे घेतो, त्यांत हा एक बहुधा असतोच. आंत एक आणि बाहेर एक हा प्रकार आपल्या भाषेला मुळींच खपत नाहीं. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, बडा घर पोकळ वासा, नांव सोनूबाई हातीं कथलाचा वाळा, अशा म्हणी वाटेल तितक्या सांपडतील. परंतु आंत दारिद्र्य असतां बाहेरून नीटनेटकें राहणाऱ्याची पाठ थोपटणारी एकहि म्हण आम्हांस आठवत नाहीं. तेव्हां एखाद्या नगरपालिकेनें लोकांच्या घरांच्या दर्शनी भिंती सार्वजनिक पैशानें रंगवून द्याव्या, ही कल्पना ऐकून वाचकांच्या ओठांवर हसूं आलें तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. तें आमच्याहि ओठांवर आलें होतें. पुढें तें कां मावळलें, आणि मावळूनहि कोपऱ्यांत थोडें कां शिल्लक राहिलें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आमच्या विचाराला निमित्त झाला तो अन्री साला या आल्बेनियन कलावंताचा 'दाम्मी इ कोलोरी' हा २००३ सालचा लघुचित्रपट. लांबी अवघी पंधरा मिनिटांची. साला यांचा जन्म आल्बेनियाच्या राजधानींत, म्हणजे तिराना येथें, १९७४ सालीं झाला. तेव्हां हें एका परक्या प्रवाशानें घेतलेलें चित्र नसून घरच्या मुलानें घेतलेलें आहे. चित्रपटांत कथानक असें कांहींच नाहीं. रात्रीची वेळ, एक मोटार तिरानाच्या रस्त्यांतून चालली आहे, आंत बसलेला एक मनुष्य बोलत आहे, आणि बाहेर काळोखांतून एकामागून एक भिंती प्रकाशाच्या झोतांत येतात व जातात. कोणी नारिंगी, कोणी पिवळी, कोणी जांभळी. कोठें आडवे पट्टे, कोठें चौकटी. भिंतींच्या पायथ्याशीं मात्र खणून ठेवलेले रस्ते, चर आणि मातीचे ढीग. बोलणारा मनुष्य म्हणजे त्या वेळचे तिरानाचे नगराध्यक्ष एदी रामा. (नांव ऐकून आपल्याकडील वाचकांस उगाच आपुलकी वाटेल; तो केवळ योगायोग समजावा.) हे गृहस्थ मूळचे चित्रकार. शिल्पकाराचे पुत्र, तिरानाच्या कलाशाळेंत अध्यापक, कांहीं काळ पॅरिसमध्यें वास्तव्य, १९९८ सालीं संस्कृतिमंत्री, आणि २००० सालच्या निवडणुकीनंतर राजधानीचे नगराध्यक्ष.

ज्या शहराचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं, त्याची दशा समजल्यावांचून त्या रंगांचा अर्थ लागणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९८५ सालीं मृत्यु येईपर्यंत एन्व्हेर होजा यांची एकतंत्री सत्ता त्या देशावर होती, आणि ती राज्यपद्धति त्यांच्या पश्चात् आणखी पांचसहा वर्षें टिकली. खासगी मोटार बाळगण्याची बंदी. खासगी दुकान नाहीं, जाहिरात नाहीं. घरें सरकारचीं आणि एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं. ही राजवट १९९१ च्या सुमारास कोसळली, तेव्हां इतकीं वर्षें कोंडून ठेवलेल्या खासगीपणाला एकदम पूर आला. बागांत, पदपथांवर, शहराच्या मधून वाहणाऱ्या लाना नदीच्या कांठांवर टपऱ्या आणि पक्कीं बांधकामें उभीं राहिलीं. १९९७ सालीं दामदुपटीचें आमिष दाखविणाऱ्या पेढ्या बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली, देशभर दंगे झाले आणि शस्त्रागारें लुटलीं गेलीं. रामा नगराध्यक्ष झाले ते यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं.

या इतिहासांतील एक बारीकसा तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. १९९२-९३ च्या सुमारास सरकारनें आपल्या मालकीचीं बहुतेक घरें त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनाच नाममात्र किंमतींत देऊन टाकिलीं. पाहतां पाहतां भाडेकऱ्यांचें शहर घरमालकांचें झालें. परंतु प्रत्येकाच्या मालकीचें झालें काय? दाराच्या आंतल्या दोन-तीन खोल्या. जिना, गच्ची आणि बाहेरची भिंत यांना धनी उरला नाहीं. पूर्वीं तीं सरकारचीं होतीं, म्हणजे निदान कोणाची तरी भीति होती. आतां तीं कोणाचींच नव्हतीं. मग कोणी सज्जा कांचांनीं बंद केला, कोणी विटांनीं. कोणी त्यावर आणखी एक खोली काढली. आणि इमारतीचें तोंड ठिगळांच्या गोधडीसारखें दिसूं लागलें. आंत मात्र प्रत्येक घर लखलखीत ठेवलेलें.

येथें आमचें पहिलें हसूं थबकलें. घराची दर्शनी भिंत ही मोठी विलक्षण वस्तु आहे. तिचा मालक ती कधींच पाहत नाहीं. तो तिच्या पाठीमागें बसलेला असतो. पाहतो समोरचा शेजारी, वाटसरू, दूध घालणारा, शाळेंत जाणारें पोर. आपलें तोंड आपल्याला दिसत नाहीं, तें दुसऱ्यानें पाहावयाचें, त्यांतलीच ही गोष्ट. कायद्यानें भिंत एकाची आणि उपभोगानें ती सर्वांची. मग तिच्यावर सर्वांचा पैसा खर्चण्यांत वावगें काय? चोखोबांचा ऊंस हा खाणाऱ्याच्या दृष्टीनें सांगितलेला दाखला आहे. रस्त्यानें जाणाऱ्याला ऊंस खावयाचा नसतो. त्याच्या वांट्याला त्याचें वरचें अंगच काय तें येतें.

हा प्रश्न निरनिराळ्या शहरांनीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला आहे. पॅरिसनें हुकूम केला. २६ मार्च १८५२ च्या फर्मानानें तेथील घरमालकांवर दहा वर्षांतून एकदां तरी घराचा दर्शनी भाग स्वच्छ करण्याची सक्ति आली. आणि १९५९ सालीं आंद्रे मालरो हे संस्कृतिमंत्री झाल्यावर त्याच जुन्या हुकमाला जाग येऊन शंभर वर्षांच्या धुरानें काळवंडलेलें पॅरिस पुन्हां उजळलें. अमेरिकेंतील पुष्कळ शहरांनीं वांटणीचा मार्ग धरिला. लहान दुकानदारानें आपल्या दुकानाचा फलक, खिडक्या, दिवे, छपरी सुधारून घ्यावी, पावत्या दाखवाव्या, म्हणजे खर्चाचा कांहीं भाग, पुष्कळदां निम्मा, नगरपालिका परत करते. व्यवहार म्हणून ही पद्धत चोख आहे. कारण जो पैसा घालतो तो रंग निवडण्याचा हक्कहि आपल्याकडे ठेवतो. मात्र ज्या दुकानदारापाशीं पहिला निम्मा हिस्साच नाहीं, त्याच्यापुढून ही योजना नुसती निघून जाते. तिरानांत हुकूम पाळील अशी सत्ता उरली नव्हती आणि निम्मा वांटा उचलतील असे खिसेहि नव्हते. तेथें नगरपालिकेनें नदीकांठचीं बेकायदा बांधकामें पाडलीं, झाडें लावलीं, आणि रंगाचे डबे उघडले. कोणत्या भिंतीवर कोणता रंग, कोणती आकृति, हें प्रारंभीं स्वतः नगराध्यक्षच कागदावर काढून देत.

आमच्याकडील रीत याहून अगदीं वेगळी, आणि तिचें थोडें विषयांतर येथें केल्यावांचून राहवत नाहीं. मराठी वाड्याचें वैभव चौकांत. रस्त्याकडे भक्कम भिंत आणि दिंडी दरवाजा. नक्षीचे खांब, तुळया, महिरपी सगळ्या आंत. पुण्यांतील विश्रामबागवाड्यासारखा एखादा वाडा आपलें कोरीव लांकडी तोंड रस्त्याकडे करून उभा असतो खरा, परंतु तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा आहे, हें आमच्या मताला पोषकच आहे! पुढें मुंबईंत चाळी आल्या आणि चौकाचें आंगण जाऊन लांबच लांब गॅलऱ्या रस्त्याकडे उघडल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं, मालकांनीं दुरुस्तीकडे पाठ फिरविली, आणि १९६९ च्या कायद्यानें इमारत दुरुस्ती मंडळ निघून उपकराच्या पैशांतून जुन्या इमारतींची डागडुजी होऊं लागली. म्हणजे सार्वजनिक पैसा खासगी इमारतीवर घालण्यांत आपणांसहि संकोच वाटलेला नाहीं. फक्त तो तुळयांवर आणि टेकूंवर गेला. तोंडावर जावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आम्ही स्वतः अशाच एका गिरगांवांतील चाळींत वाढलों. एका वर्षीं मालकांच्या घरीं लग्न निघालें, तेव्हां त्यांनीं चाळीची रस्त्याकडील बाजू गुलाबी रंगानें रंगवून घेतली. मागची बाजू, जेथें आमच्या खोल्या होत्या आणि जेथें मोरीचें पाणी भिंतींतून झिरपत असे, ती होती तशीच राहिली. आम्ही महाविद्यालयांत नुकतेच जाऊं लागलों होतों. ढोंगाचा आणि भांडवलशाहीचा संबंध नव्यानेंच समजला होता. त्या गुलाबी भिंतीवर आम्ही पुष्कळ तोंडसुख घेतलें. ती आठवण मनांत ठेवूनच आम्ही सालांचा चित्रपट पाहिला, हें वाचकांपासून लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं.

रामा यांनीं आपल्या कार्याचें समर्थन दोनदां केलें आहे: एकदां या चित्रपटांत, आणि पुन्हां २०१२ सालीं ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथें दिलेल्या एका व्याख्यानांत. दोहोंची तुलना उद्बोधक आहे. व्याख्यान मोठें रंगतदार आहे. पहिल्या इमारतीवर झळझळीत नारिंगी रंग चढतांच रस्त्यावर कशी गर्दी जमली आणि वाहतूक कशी तुंबली. युरोपीय संघाच्या मदतीवर देखरेख करणारा फ्रेंच अधिकारी धांवत येऊन, हे रंग युरोपीय प्रमाणांत बसत नाहींत, काम थांबवा, असें कसें म्हणाला. त्यानें तडजोड सुचविली तेव्हां, रंगांतली तडजोड म्हणजे करडा रंग आणि तो आमच्याकडे हवा तेवढा आहे, अशा अर्थाचें उत्तर त्याला कसें मिळालें, हें सगळें वक्त्यानें नाटकाच्या प्रवेशासारखें वठविलें आहे. एका दुकानदाराची गोष्टहि तेथेंच येते. त्यानें दुकानाचा लोखंडी पडदा काढून कांच बसविली. कां, असें विचारतां तो म्हणाला कीं, रस्ता आतां सुरक्षित आहे. पोलीस वाढले काय? छे, पण रंग आहेत, दिवे आहेत, फरसबंदी आहे, झाडें आहेत, रस्ता सुंदर आहे म्हणून सुरक्षित आहे.

गोष्ट खरी असेल, असावी. परंतु व्याख्यान ऐकतांना आम्हांस वारंवार असें वाटलें कीं, येथें प्रत्येक शंकेचें उत्तर शंका निघण्यापूर्वींच तयार आहे. चित्रपटांत तसें नाहीं. तेथें काम अर्धवट आहे आणि बोलणाऱ्यालाहि तें ठाऊक आहे. नशिबानें जेथें येऊन पडलों असें शहर आणि जें आपण निवडलें असें शहर, या दोहोंत तो भेद करतो. पहिल्याचें दुसरें करावयाचें ही आपली आकांक्षा सांगतो. आणि त्याच क्षणीं साला यांचा कॅमेरा चिखलांतून वाट काढणाऱ्या माणसांवर येतो. नगराध्यक्ष म्हणतात कीं, रंगांविषयीं इतक्या आवेशानें वाद घालणारें दुसरें शहर युरोपांत नसेल. कॉफीच्या दुकानांत, घरांत, रस्त्यांत, हे रंग आपलें काय करीत आहेत हाच एक विषय. आणि बाहेर जी भिंत झोतांत येते तिच्या एका खिडकीखालीं ओला डाग तसाच आहे कीं काय, हें पाहण्यास आपली नजर आपोआप खालीं वळते. साला आपल्या मित्राच्या शब्दांवर अविश्वास दाखवीत नाहींत. त्यांची थट्टा तर मुळींच करीत नाहींत. ते फक्त दिवा हालता ठेवतात. रात्रीं चित्रण करण्याची त्यांची युक्ति आमच्या मतें या कृतीचा सर्वांत मोठा गुण आहे. दिवसाच्या उन्हांत त्या भिंती चित्रांकित पोस्टकार्डांसारख्या दिसल्या असत्या. रात्रीं त्या उजेडापुरत्याच जिवंत होतात, आणि उजेड सरला कीं जुनें शहर पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतें. रंग म्हणजे पूर्ति नव्हे, वायदा आहे, हें चित्रपट एकहि शब्द न बोलतां सांगून जातो. वायदा वाईट नसतो. परंतु ज्याला तो दिला त्याच्यापाशीं तो वसूल करण्याचें साधन असावें लागतें.

आणि येथें शीर्षकाकडे वळलें पाहिजे. 'दाम्मी इ कोलोरी', म्हणजे 'मला रंग दे', हे शब्द पुच्चिनी यांच्या 'तोस्का' या १९०० सालीं रोम येथें प्रथम झालेल्या संगीतिकेंतले आहेत. चर्चमध्यें चित्र काढणारा काव्हाराडॉस्सी हा चित्रकार तेथील कुरकुऱ्या सेवकाकडे रंग मागतो, आणि मग परस्परांहून भिन्न अशा दोन सौंदर्यांचा मेळ कलेंत कसा बसतो याविषयीं गातो. चित्रकार-नगराध्यक्षाला हे शब्द शोभून दिसतात, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांना ती संगीतिका ठाऊक आहे त्यांना पुढचेंहि ठाऊक असतें. काव्हाराडॉस्सी हा सत्तेचा बळी आहे. त्याचा छळ पोलिसांचा अधिपति स्कार्पिया करतो आणि शेवटीं त्याला गोळ्या घातल्या जातात. तिरानांत मात्र रंग मागणारा आणि सत्ता चालविणारा एकच. मग 'मला रंग दे' हें म्हणतो कोण आणि कोणाला? नागरिक नगराध्यक्षाला म्हणत आहेत, असें मानावें तर त्यांनीं मागितल्याचें चित्रपटांत कोठें दिसत नाहीं. नगराध्यक्ष नागरिकांना म्हणत आहे, असें मानावें तर तो मागण्यासाठीं थांबल्याचेंहि दिसत नाहीं. साला यांनीं हें नांव भोळेपणानें दिलें असें आम्हांस वाटत नाहीं.

२००३ सालच्या तिराना येथील कलामेळाव्याच्या निमित्तानें साला आणि हान्स उल्रिख ओब्रिस्ट यांनीं ओलाफुर एलियासन यांच्यासारख्या परदेशी कलावंतांकडूनहि कांहीं इमारतींच्या भिंतींचे आराखडे करवून घेतले. त्यामुळें शहराचा लौकिक वाढला. २००४ सालीं रामा यांना जगांतील उत्तम नगराध्यक्षाचा पुरस्कारहि मिळाला. पाहुण्यांच्या त्या भिंती कदाचित् अधिक सफाईदार असतील. आमचें मन त्यांत रमलें नाहीं. घरच्या भांडणांत पाहुण्यानें सुरेख बोलावें, तसें तें वाटतें.

सार्वजनिक पैशानें तोंड बदलण्याचा हा उद्योग बिघडला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास तिरानाहून दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये २६ जुलै १९६३ च्या भूकंपानें उद्ध्वस्त झाली. हजारांहून अधिक माणसें मेलीं. जगभरची मदत आली, केन्झो तांगे या जपानी वास्तुशिल्पज्ञानें नवी आंखणी केली, आणि कॉंक्रीटचें एक नवें शहर उभें राहिलें. २०१० सालीं तेथील निकोला ग्रुएव्स्की यांच्या सरकारनें 'स्कोप्ये २०१४' नांवाची योजना जाहीर केली. पुतळे, कमानी, नवे वाडे हें तर झालेंच. शिवाय त्या कॉंक्रीटच्या इमारतींवर खांब, कोनाडे आणि गिलाव्याचीं जुन्या थाटाचीं तोंडें बसविण्यांत आलीं. जें शहर मोडून पुन्हां उभें राहिलें, त्याच्या अंगावरचा व्रण झांकून त्याला कधीं न असलेली वंशावळ चिकटविण्यांत आली. कोट्यवधि युरो त्यांत गेले. २०१६ सालीं सरकारवर रुष्ट झालेले लोक रस्त्यावर आले तेव्हां त्यांनीं रंगानें भरलेले गोळे त्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर आणि पुतळ्यांवर फेंकले. तिरानांत रंग वरून खालीं आला, स्कोप्ये येथें तो खालून वर गेला. आम्ही पक्षपाती असूं, परंतु त्या मोर्च्यांतील भिंती आम्हांस कोणत्याहि कलामेळाव्यांतील भिंतींपेक्षां अधिक वाचनीय वाटल्या.

आमच्या मुंबईंत २०१८ सालीं घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील वस्तीच्या भिंती स्वयंसेवकांनीं रंगविल्या, तेव्हां मेट्रोगाडीच्या खिडकींतून तें दृश्य पाहून आमच्या बरोबरचे प्रवासी हरखून गेले होते. आम्हीहि हरखलों. उतरल्यावर मनांत आलें कीं, हे रंग गाडीच्या खिडकीकडे तोंड करून आहेत. वस्तींतल्या बोळांतून चालणाऱ्याला ते कितपत दिसत असतील? महानगरपालिकेचा पैसा तेथें नव्हता, म्हणून त्या प्रयत्नाला आम्ही या लेखाच्या तराजूंत घालीत नाहीं. परंतु भिंत कोणाकडे पाहते, हा प्रश्न तेथेंहि उभा राहतोच.

आतां पुन्हां त्या व्याख्यानाकडे. त्यांतील एक गोष्ट आम्हांस बाकीच्या सर्व टाळ्यांच्या वाक्यांहून अधिक मोलाची वाटते. रामा सांगतात कीं, रंगकामाविषयीं लोकमत घेण्यांत आलें आणि दोन प्रश्न विचारण्यांत आले. हें रंगविणें तुम्हांला आवडतें काय? ६३ टक्के लोक होय म्हणाले, ३७ टक्के नाहीं म्हणाले. मग दुसरा: हें थांबवावें कीं पुढें चालवावें? तेव्हां ज्यांना आवडलें नव्हतें, त्यांच्यांतले निम्मे लोक म्हणाले, चालूं द्या. आंकडे वक्त्याच्या तोंडचे आहेत, हें ध्यानांत ठेवूनहि या निम्म्यांचें आम्हांस राहून राहून कुतूहल वाटतें. ज्याला रंग आवडले त्याच्या मताचें नवल नाहीं. परंतु ज्याला समोरची जांभळी भिंत डोळ्यांत खुपते आणि तरीहि जो काम चालूं द्या म्हणतो, तो मनुष्य केवढ्या तरी गोष्टी मनाशीं समजून चुकला असला पाहिजे. पन्नास वर्षें ज्या भिंतीविषयीं मत असण्याची सोय नव्हती, तिच्याविषयीं आतां आपणांस नापसंति दाखवितां येते, हीच त्याला मोठी मिळकत वाटली असेल. वाईट कां होईना, भिंतीला कोणी तरी धनी भेटला, एवढ्यानेंहि तो सुखावला असेल. नगरपालिकेच्या पैशाचें सार्थक कोठें झालें असेल तर तें आमच्या मतें या लोकांच्या ठायीं झालें.

मात्र रामा यांनीं सांगितलेल्या प्रश्नांत तिसरा प्रश्न नाहीं. तुम्हांला कोणता रंग हवा होता? तडजोड केली कीं करडा रंग होतो, हें चित्रकाराच्या पाटीवर खरें आहे. नगरांत तें खरें असेलच असें नाहीं. शंभर माणसांनीं शंभर रंग मागितले तर त्यांचें मिश्रण करावयास कोणी सांगितलें? शंभर खिडक्या असतात. या एका ठिकाणीं चित्रकारानें नगराध्यक्षाला फसविलें, असें आम्हांस वाटतें. भिंत हें त्याला एक फलक वाटलें, आणि एका फलकावर दोन हात चालत नाहींत हा त्याच्या धंद्याचा नियम त्यानें शहराला लावला. पुढें २०१३ सालीं ते पंतप्रधान झाले. आणि १७ मे २०२० रोजीं, महामारीच्या टाळेबंदींत, पहाटेच्या वेळीं तिरानाचें राष्ट्रीय नाट्यगृह पाडण्यांत आलें. १९३८-३९ च्या सुमारास बांधलेली ती साधीशीच इमारत वांचविण्यासाठीं नट, कलावंत आणि नागरिक दोन वर्षांहून अधिक काळ तेथें ठाण मांडून होते. तोंडाला रंग लावणाऱ्यांचें तें घर रंग वांटणाऱ्या माणसाच्या राज्यांत गेलें. तेथेंहि, तुम्हांला काय हवें, हा प्रश्न ज्यांना विचारावयाचा ते दारांतच उभे होते.

आमच्या चाळीची हकीकत वर अर्धीच सांगितली. मागच्या बाजूला, आमच्या शेजारच्या खोलींत, एक काकू राहत. त्यांच्या खिडकींतून गुलाबी भिंत दिसण्याचा संभव नव्हता. दिसे तो शेजारच्या चाळीचा नळ. लग्न होऊन गेल्यावर संध्याकाळीं देवळांत जाऊन येतांना त्या फाटकाबाहेर, पलीकडच्या पदपथावर क्षणभर थांबत आणि चाळीकडे पाहत. आम्हीं एकदां मोठ्या शहाणपणानें त्यांना मागच्या भिंतीची ओल दाखविली, तेव्हां त्या म्हणाल्या, "ती मला माहीत नाहीं होय रे?" पुढच्या महिन्यांत भाडें गोळा करणारे मेहताजी आले. काकूंनीं पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि म्हणाल्या, "मेहताजी, पुढच्या खेपेला तेवढा हिरवा लावा हो. गुलाबी लवकर मळतो." मेहताजी हंसले, आणि वही बगलेंत मारून पुढच्या दाराकडे वळले.